उर्दू नकलेतली राणी

स्त्री पार्ट करणाऱ्या नटाला दोन दुखणी असायची, एक दाढीचं आणि दुसरं भाषणाचं. दाढी दिवसातून दोनदा घोटली की भागायचं. भाषणाचं दुखणं मात्र मला सात वर्षं छळत होतं. आमच्या मंडळीत राजाला भाषण, प्रधानाला भाषण, अगदी दुसऱ्या अंकात एकदाच डोकावणाऱ्या ऋषीलाही पाऊण पान भाषण. राणीला, म्हणजे मला, तीन पदं, चार उसासे आणि उरलेला वेळ मान खाली. मी मास्तरांच्या हात धुऊन मागं लागायचो. "अरे, तुझी चाल हेच तुझं भाषण," असं म्हणून ते मला वाटेला लावायचे. माझी चाल चांगली होती, ते मी नाकारत नाही. मला बोलायचं होतं.

मास्तर म्हणजे आमच्या मंडळीचे नाटककार, दिग्दर्शक आणि मालक, सगळं एकच. शाळेत संस्कृत शिकवायचे आणि जुन्या संस्कृत नाटकांच्या धाटणीवर मराठी नाटकं लिहायचे. आधी नांदी, मग सूत्रधार, मग एखादा खादाड विदूषक, मधे वन आणि शेवटी मीलन. निजामाच्या राज्यातलं आमचं औरंगाबाद. बाहेरच्या बड्या कंपन्या कधीमधी यायच्या, पाच-सहा खेळ करून पैठणीसारखे पडदे गुंडाळून निघून जायच्या. आम्ही नऊ जण गावातलेच. राजा करणाऱ्याचं गुलमंडीवर कापडाचं दुकान होतं, प्रधान पोस्टात होता आणि मी एका वकिलांकडे कारकून. राजाचा अंगरखा हिमरू कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचा. माझी पैठणी मास्तरांच्या बायकोच्या लग्नातली. ती हातात देताना वहिनी दर वेळी बजावायच्या, "बसताना जपून हं, तुम्ही पुरुष धपकन बसता."

नाटक करायचं तर कचेरीची परवानगी लागायची. परवानगीसाठी सबंध नाटकाची नक्कल उर्दूत करून द्यायची. साहेब ती वाचायचे, पानोपानी शिक्का मारायचे आणि मग शिक्क्याखाली जे असेल तेच रंगभूमीवर यायला हवं, शब्द कमी नको की जास्त नको. एक नक्कल कचेरीत राहायची, एक आमच्या ट्रंकेत. आमच्या नकला करायचे मुन्शीजी.

मुन्शीजी मूळचे पाचोडचे. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. माझं कामच कोर्टात, त्यामुळं दिवसातून चार वेळा गाठ पडायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, टोपी कायम थोडी तिरकी, घरातली बोली उर्दू, आणि मराठी आमच्या मास्तरांच्या कानाला टोचेल अशी रांगडी. मला ते राणीसाहेब म्हणायचे, तेही भर कोर्टात, पक्षकारांसमोर. पहिल्यांदा मी चिडलो होतो. नंतर त्यांनी एखाद्या दिवशी नुसतं "या" म्हटलं तर मला चुकल्यासारखं व्हायचं.

दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. त्यांच्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि खारातली मिरची, माझ्या डब्यात पोळी-भाजी. त्यांना माझी पोळी आवडायची नाही आणि तरी ते ती रोज खायचे, "राणीच्या मुदपाकातली हाय, टाकता येत नाय." एखादा अर्ज लिहिताना मधेच थांबून मला विचारायचे, ह्या माणसानं भावाला जमीन परत मागायचीय, तर आधी राग लिहू का आधी नातं लिहू? मी म्हणायचो, कोर्टाला काय करायचंय नात्याशी? ते मान हलवायचे आणि आधी नातंच लिहायचे. त्या दुपारी मला परत हव्यात. वय झालं की माणूस देव मागतो म्हणतात. मी लिंबाखालची ती सतरंजी मागतो.

तर त्या वर्षी मास्तरांनी नवं नाटक लिहिलं. राजा खोट्या संशयावरून राणीला वनात टाकतो. बारा वर्षांनी खरं कळतं आणि तो तिला न्यायला येतो. राजाचं पश्चात्तापाचं दोन पानी भाषण होतं आणि त्यानंतर कंसात एक ओळ होती, की राणी डोळे पुसते आणि काही न बोलता राजामागून जाते. मी वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. बारा वर्षं वनात काढलेल्या बाईनं तोंड उघडायचं नाही? मास्तर म्हणाले, "पतिव्रता आहे ती. तिचं मौन लाखमोलाचं." मी लिंबाखाली जाऊन मनसोक्त बडबडलो. मुन्शीजी ऐकत होते. त्यांच्या मांडीवर तेच नाटक होतं, नकलेसाठी दिलेलं. नक्कल झाली, कचेरीत गेली, शिक्के मारून परत आली आणि ट्रंकेत पडली. आमच्यापैकी कुणीही ती उघडून पाहिली नाही. मी रोज कोर्टात ढीगभर उर्दू वाचणारा माणूस, पण आपल्याच नाटकाची नक्कल वाचावी असं मलाही सुचलं नाही. दिव्याखाली अंधार तो असा.

कचेरीत नवीन साहेब आले होते, हैदराबादचे. त्यांना मराठी येत नव्हती, पण नियमाचे पक्के. खेळाच्या चार दिवस आधी ते रंगीत तालीम बघायला आले. मांडीवर शिक्क्याची नक्कल, ओळीवर बोट आणि मराठी समजावून सांगायला शेजारी स्टुलावर मुन्शीजी. तीन अंक सुरळीत गेले. चौथ्यात राजाचं भाषण झालं, मी डोळे पुसले, पदर सावरला आणि निघालो.

"ठहरिए," साहेब म्हणाले. "यहाँ मलिका कुछ कहती हैं."

मास्तर म्हणाले, राणी काही म्हणत नाही. साहेबांनी पान उलटं करून पुढं धरलं आणि बोटानं दाखवलं. डेढ सफ़ा, म्हणाले. दीड पान. आम्ही सगळ्यांनी मुन्शीजींकडे पाहिलं. मुन्शीजी स्वतःच्या चपलांकडे पाहत होते. मग ते उठले आणि अदबीनं म्हणाले, "हुजूर, वो हिस्सा इनको आज याद नहीं रहा."

इनको म्हणजे मला! नऊच्या नऊ जणांची भाषणं ज्याला पाठ, त्या मला! मी पैठणीतच होतो, नाहीतर तिथंच गळा धरला असता. साहेब मात्र रागावले नाहीत. परवा पुन्हा येतो, तोवर पाठ करून घ्या, म्हणाले. जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं, की सबंध नाटकात आपल्याला तेवढंच सगळ्यात जास्त आवडलं होतं.

साहेबांची बग्गी वळली आणि मास्तर कडाडले. नाटक माझं की तुमचं? कुणी सांगितली होती नसती उठाठेव? मुन्शीजी हात जोडून उभे होते. "चुकलं मास्तर. लिहिता लिहिता हात थांबला न्हाई." पुन्हा नवी नक्कल द्यायची तर महिना जाणार, आणि मांडव तर उभा राहिला होता. म्हणजे भाषण करायचं, नाहीतर खेळ बंद ठेवायचा. शेवटी मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही दोघं काय ते निस्तरा. माझी लेखणी त्याला लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी लिंबाखाली बसून ते दीड पान पहिल्यांदा वाचलं. वाचून झालं तेव्हा माझा राग कुठं गेला ते कळलं नाही. मी विचारलं, "मुन्शीजी, हे सुचलं कुठून?"

ते दौतीचं झाकण लावत आणि काढत बसले. मग म्हणाले, "आमची थोरली बहीण व्हती. नवऱ्यानं टाकली, आठ वर्सं पाचोडला आमच्यात ऱ्हायली. दळण-कांडण, सगळं करायची, कंदी कुरकुर नाय. मग एक दिवस त्यो आला न्यायला. आमाला वाटलं, आता ही बोलंल. चार गोष्टी सुनवील. तिनं गाठोडं बांधलं अन् निघाली. गप. दोन वर्सांत तिकडंच वारली." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या मास्तरांची राणी बी गपच निघाली. मला बघवंना, राणीसाहेब. म्हनून लिवलं. तुमच्यात नक्कल कोन वाचतंय, असं वाटलं."

दोन दुपारी आम्ही त्या दीड पानाचं मराठी करत होतो. मी मास्तरांच्या वळणाचे भारी शब्द सुचवायचो आणि ते नाक मुरडायचे. त्यांच्या भाषणात राणी म्हणते की माझं जातं आता दुसरी कुणी फिरवत असेल. मी म्हटलं, मुन्शीजी, राणी कुठं दळण दळते का? "आमची दळायची," ते म्हणाले. जातं राहिलं. शेवटी जे तयार झालं, त्याचा हा शेवटचा भाग:

"तुम्ही विचारता, रागावलीस का? राग पहिल्या वर्षीच सरला, महाराज. मग वाट पाहिली. ती पाच वर्षं पुरली. मग वाटही सरली. आता तुम्ही आलात तर तुम्हाला द्यायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही, रागसुद्धा नाही. येते मी. येते, कारण जायला दुसरं घर नाही. तुम्ही याला प्रेम म्हणू नका."

साहेब परत आले तेव्हा मी ते बोललो. त्यांना मराठीचा शब्द कळत नव्हता, पण बोट ओळीवरून सरकत होतं आणि एका जागी थांबलं ते थांबलंच. खेळाच्या दिवशी मांडव भरला होता. बायका चिकाच्या पडद्याआड बसल्या होत्या. भाषण संपल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. तेवढ्यात चिकाआडून एक बाई मोठ्यानं म्हणाली, "खरंय गं बाई." मग सगळा मांडव टाळ्या वाजवत उठला. दुसऱ्या दिवशी पैठणी परत द्यायला गेलो तर वहिनी घडी घालता घालता मला म्हणाल्या, "ते भाषण यांनी लिहिलेलं नाही. बाईचं मन यांना एवढं कळतं तर मला ठाऊक नसतं?"

त्यानंतर चार-पाच वर्षं ते नाटक आम्ही केलं. दौलताबादला केलं, पैठणला केलं, एकदा बैलगाड्या करून थेट सोयगावला नेलं. प्रत्येक खेळाला मुन्शीजी यायचे. चौथा अंक लागला की उजव्या विंगेत येऊन उभे राहायचे, भाषण ऐकायचे आणि निघून जायचे. शाबासकी वगैरे कधी दिली नाही. मीही विंगेकडे बघत नसे, पण ते आहेत हे मला कळायचं आणि मी त्यांच्यासाठीच बोलायचो. मास्तरांना ते भाषण शेवटपर्यंत सलत राहिलं. लोक बाहेर पडताना तेवढंच बोलत, आणि लेखक म्हणून मास्तरांचं अभिनंदन करत. मास्तरांची तेव्हा इकडे आड तिकडे विहीर व्हायची, आणि आम्हाला मनातल्या मनात हसू यायचं.

मग निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितलंय, मी माझ्यापुरतं सांगतो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण कोर्टाची भाषा बदलायला लागली आणि लिंबाखालची गर्दी आटली. कालपर्यंत मुन्शीजींकडून अर्ज लिहून घेणारी माणसं त्यांच्या सतरंजीला वळसा घालून जाऊ लागली. मी जेवायला जायचो, रोज जायचो म्हणालो तर ते खरं होणार नाही. काही दिवस गेलो नाही. लोक बघतात, असं वाटायचं.

अशातच मास्तरांनी बैठक बोलावली. आता उर्दू नक्कल नको, शिक्का नको. आपलं नाटक आपल्या मूळ रूपात करायचं, म्हणाले. "ते निजामी ठिगळ आधी काढा," पोस्टातला प्रधान म्हणाला. दोघं-तिघं हसले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण भाषण माझं होतं. मी तोंड उघडणार तोच मास्तर म्हणाले, "पुढच्या नाटकात तुला भाषण देतो. दोन पानी. शब्द देतो."

मी गप्प बसलो. भीती होती म्हणून गप्प बसलो असं मी पुढं कितीदा तरी स्वतःला सांगितलं. थोडी भीती होतीही. पण खरं सांगायचं तर दोन पानं ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

खेळासाठी मुकुट नवे करायचे ठरले. आमचे मुकुट कागदाच्या लगद्याचे असत. जुना कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात मेथी वाटून घालायची, साच्यावर थापायचा आणि वाळल्यावर वरून सोनेरी वर्ख चिकटवायचा. कागदासाठी मास्तरांनी ट्रंकेतल्या सगळ्या उर्दू नकला काढून दिल्या. आता त्यांचा उपयोग नव्हता. त्यांनी दिल्या तेव्हा मी तिथंच होतो. दोऱ्यानं शिवलेले ते गठ्ठे पाण्यात बुडवताना मी पाहिले आणि माझ्या मनात काहीही आलं नाही.

खेळाला मुन्शीजी आले, पण त्यांना विंगेत कुणी बोलावलं नाही. तिसऱ्या रांगेत बसले होते. राजाचं भाषण झालं. "चल, राणी," तो म्हणाला. पेटीवाला सवयीनं थांबला. मुन्शीजी पुढं झुकले. सबंध भाषण माझ्या जिभेवर होतं, त्या क्षणी मी बोललो असतो तर मला कुणी अडवणार नव्हतं. मी डोळे पुसले, मान खाली घातली आणि राजामागून निघालो.

खेळ संपल्यावर ते आत आले. मी अजून पैठणीतच होतो, डोक्यावर मुकुटही तसाच होता.

"चाल लई चांगली पडली आज," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मुन्शीजी, बसा ना. चहा घ्या."

"नाय, निघतो. एक काम व्हतं." ते थोडं घुटमळले. "आता ते भाषण तुमाला लागत नाय. तर ती नक्कल मला द्या. दुसरी कचेरीत गेली, ती काय आता गावायची नाय. तवा लिवलं व्हतं, पाठ नाय मला. बहिणीचं तेवढंच हाय."

मी म्हणालो, "शोधून देतो."

दुसरं काय सांगणार होतो? मुकुट चढवताना आतल्या बाजूला, जिथं वर्ख पोचला नव्हता तिथं, उर्दूच्या नस्तालिक अक्षरांचे तुकडे मी खेळाआधीच पाहिले होते.

ते दोनदा वकिलांच्या कचेरीत येऊन विचारून गेले. पहिल्यांदा मी म्हटलं, ट्रंक अजून उघडली नाही. दुसऱ्यांदा म्हटलं, मास्तरांकडे चौकशी करतो. शेवटी मी त्यांना म्हणालो, मला भाषण पाठ आहे, लिहून देतो. कागद पुढं ओढला आणि लिहायला लागलो. तीन-चार ओळी झाल्यावर त्यांनी कागदावर हात ठेवला.

"हे आपल्या दोघांचं हाय, राणीसाहेब. ते बी चांगलंच हाय. पर घरात आमी बोलायचो तसं पाहिजे. तिचं व्हतं तसं."

मी उर्दू आठवायला बसलो. ते समोर वाट बघत होते. पहिला शब्दसुद्धा येईना. पुढच्या महिन्यात ते मुलाकडे हैदराबादला गेले. मी स्टेशनवर गेलो होतो, तेव्हा त्यांनी नकलेचा विषय काढला नाही, पोळ्यांचा काढला. त्यानंतर भेट नाही.

मास्तरांनी शब्द पाळला. पुढच्या नाटकात मला दोन पानी भाषण मिळालं आणि ते लोकांना आवडलंही. त्यातली एक ओळ मला आज सांगता येणार नाही. मुन्शीजींच्या भाषणाचं मराठी मात्र अजून अक्षर न् अक्षर पाठ आहे, दाढी करताना, फिरायला गेल्यावर, ते आपोआप तोंडात येतं. ते संपलं की मी थांबतो आणि त्यांनी जसं लिहिलं होतं तसं आठवून पाहतो. त्या लिंबाखाली दोन दुपारी ते दीड पान माझ्या हातात होतं, मी ते वीस वेळा तरी वाचलं असेल, आणि मला त्यातलं एक वाक्य येत नाही.